न मोडणारा चाकू

सकाळी जैन मंदिरातून, म्हणजे बस्तीतून, दर्शन घेऊन परतले की बाळगोंडा मगदूम अंगणातल्या नळाखाली पाय धूत, दोरीवरच्या पंच्याला ते पुसत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खिडकीकडे तोंड करून बसत. मग त्रिशलाबाई उप्पीटाची थाळी आणून ठेवत. थाळीला हात लावण्यापूर्वी बाळगोंडा सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या मुठीचा एक घडीचा चाकू काढत, त्याचे पाते उघडत, ते उजेडात धरून न्याहाळत आणि दोन बोटांच्या चिमटीत पकडून डावी-उजवीकडे हलवून पाहत. पाते शाबूत असे. ‘टक्’ असा आवाज करून ते पुन्हा मुठीत जाई. बाळगोंडा एक दीर्घ सुस्कारा सोडत, चाकू थाळीशेजारी ठेवत आणि मगच पहिला घास घेत.

त्या रविवारच्या उप्पीटात मीठ मुळीच नव्हते.

“कसं झालंय?” त्रिशलाबाईंनी विचारले.

“झालंय,” बाळगोंडा म्हणाले.

जेवणाविषयी गेली चार वर्षे त्यांच्या तोंडून हा एकच शब्द बाहेर पडत होता. त्याआधीच्या काळात मात्र निपाणीत त्यांच्या जिभेची ख्याती त्यांच्या पाइपांच्या दुकानापेक्षा मोठी होती. लग्नाच्या मांडवात आचारी आधी विचारून घेत, “मगदूम अण्णा येणार हैत काय?” आणि येणार असतील तर हळूच आणखी शंभर माणसांचे काम दुसरीकडे आहे म्हणून सांगत. घरी तर प्रत्येक जेवण ही परीक्षाच असे आणि निकाल शेजारच्या तीन घरांना ऐकू जाई. “ही आमटी हाय का पाय धुतल्यालं पाणी?” किंवा “मीठ काय फुकट वाटालेत का काय गावात?” मगदुमांच्या घरात रांधणाऱ्या बाईने वाढण्याआधी चव घेऊन बघायची पद्धत नव्हती, चाखले की उष्टे झाले, असे त्रिशलाबाईंना सासूने पहिल्याच दिवशी बजावले होते. त्यामुळे मिठाचे माप ठरत असे ते बाळगोंडांच्या पहिल्या गर्जनेवर. गर्जना झाली की त्रिशलाबाई चिमूट वाढवत किंवा पाणी घालत, आणि डोळे पदराने पुसत.

मग एका चातुर्मासात गावात मुनिमहाराजांचा मुक्काम झाला. प्रवचनानंतर श्रावक एकेक करून नियम घेत होते. कुणी चहा सोडत होते, कुणी संध्याकाळनंतरचा मोबाइल. बाळगोंडांची पाळी आली तेव्हा महाराजांनी विचारायच्या आधीच बायकांच्या बाजूने आवाज आला, “महाराज, आमच्या अण्णाला जेवणाला नाव ठेवायचं सोडाय सांगा!” ही बाळगोंडांची धाकटी बहीण चंदना. ती बस्तीत मुलांची पाठशाळा चालवी, आणि धर्माच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्याची हिंमत पंचांनाही नव्हती. सगळा मांडव हसला. त्रिशलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त मान वर करून पाहिले.

बाळगोंडा मूळचे व्यापारी. मुदत ठरवल्याशिवाय सौद्याला हात लावणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या खिशात आदल्याच दिवशी हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या टेंपोतून घेतलेला चाकू होता. त्याचे पाते दुधाच्या दातासारखे हलत होते, आणि विकणाऱ्यानेच “गॅरंटी न्हाय बघा” असे प्रामाणिकपणे सांगितले होते. बाळगोंडांनी तो काढून तळहातावर ठेवला. “महाराज, ह्यो चाकू मोडंपतूर जेवणाला नाव ठेवणार न्हाय.”

महाराजांनी चाकूकडे पाहिले, मग बाळगोंडांकडे. “जाणूनबुजून मोडायचा नाही. हरवायचा नाही. कुणाला द्यायचा नाही.”

“न्हाय महाराज.”

बाळगोंडांच्या हिशेबाने हे प्रकरण आठ दिवसांचे होते.

त्या टेंपोतून चाकू घेतलेल्या निपाणीतल्या इतर सर्वांचे चाकू महिन्याभरात मोडले. बाळगोंडांचा मात्र टिकला. प्रामाणिक वापरात मोडायला नियमाची हरकत नव्हती, म्हणून त्यांनी तो अतिशय प्रामाणिकपणे वापरला. त्याने पाइप कापले, नायलॉनची दोरखंडे कापली, खताच्या पोत्यांची शिवण उसवली. सदऱ्याच्या खिशात राहून तो वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर पुसून ठेवलेला मिळाला. एकदा स्कूटरवरून पडून उसाच्या ट्रॉलीखाली आला. तेव्हा बाळगोंडांनी घरी येऊन तो जरा आशेनेच त्रिशलाबाईंच्या हाती दिला. सकाळी पाहावे तर चाकू ठणठणीत. लोक दुकानात येऊन चाकू बघून जाऊ लागले. “नियमाचं बळ हाय बघा,” ते म्हणत. बाळगोंडा मान हलवत आणि मनात म्हणत, आजवर महागातल्या मालानं फसवलं. स्वस्तातला माल असा फसवेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पळवाट काढून पाहिली होती. जेवताना त्यांनी आढ्याकडे बघत विचारले होते, “घरातलं मीठ संपलंय काय?” हे चंदनाच्या कानावर गेले. तिने निवाडा दिला, की हे वळसा घालून नाव ठेवणेच झाले, आणि बाळगोंडांना एक उपवास करायला लावला. “ह्यापुढं जेवणाच्या बाबतीत मीठ ह्यो शब्द तुझ्या तोंडातनं निघाला न्हाय पायजे, अण्णा.” तेव्हापासून तो शब्द त्यांच्या भाषेतून गेला.

परिणामी मगदुमांच्या घरातले मीठ पोरके झाले. सांगणारे कुणी राहिले नाही. एके दिवशी उप्पीट अळणी, दुसऱ्या दिवशी आमटी खारट, आणि दोन्हींवर अभिप्राय एकच, “झालंय.” मुलगी राजश्री बेळगावात नोकरीला होती, ती सुटीला येताना लोणच्याची बरणी घेऊन येई.

त्या रविवारी तिच्याच लग्नाची बोलणी होती. मुलगा श्रेयांस तिच्याच कंपनीतला. दोघांचे आधीच ठरले होते. थोरांचे जेवण व्हायचे तेवढे बाकी होते. श्रेयांसचे वडील वीरेंद्र उपाध्ये यांचा बेळगावात लेथकामाचा कारखाना होता. फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितले होते, “आमाला मानपान काय नको बघा. जेवण तेवढं चवीचं असूंदे. घर कसं हाय ते मला आमटीवरनं कळतंय.” हे वाक्य राजश्रीने आईला सांगितले होते, आणि त्रिशलाबाईंना रात्रभर झोप नव्हती.

पुरणपोळीचा बेत होता. कटाची आमटी मोठ्या पातेल्यात रटरटत होती आणि बाळगोंडा दारात बसून वेलदोडे सोलत होते. त्यांच्या देखत त्रिशलाबाईंनी आमटीत मूठभर मीठ घातले आणि त्या साडी बदलायला गेल्या. लगेच चंदना आत आली. “वहिनीचं आज ध्यान न्हाय, विसरली असणार,” असे स्वतःशीच म्हणत तिनेही मूठभर घातले.

“चंदना, ते पातेलं...” बाळगोंडा अर्धवट उठले.

“पातेल्याचं काय?”

बाळगोंडांनी शब्द शोधले. जो हवा होता तो वापरायची सोय नव्हती, आणि वळसा घातला तर पुन्हा उपवास. “मोठं हाय,” ते म्हणाले.

“मग? पाहुणं काय चिमण्या हैत?” म्हणून चंदना रांगोळी घालायला गेली.

ती गेली तोच राजश्री आली. घरचे जेवण अळणी असते हे तिला पक्के ठाऊक होते. तिने इकडेतिकडे पाहिले, बापाकडे बघून केविलवाणे हसली आणि पातेल्यात तिसरी मूठ टाकली.

बाळगोंडांच्या हातातला वेलदोडा गळून पडला. त्रिशलाबाई परत आल्या तेव्हा ते पातेल्यापाशी उभे होते.

“अगं, पाणी जास्त भरून ठेव.”

“का वं?”

“पाहुण्यास्नी तहान लागंल.”

“एवढ्या थंडीत?”

“लई लागंल,” बाळगोंडा कळवळून म्हणाले. “घागर भरून ठेव. दोन घागरी.”

त्रिशलाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. “मुलीचं लग्न म्हटल्यावर बापाचं असंच व्हतंय,” त्या म्हणाल्या आणि कोशिंबीर करायला वळल्या.

आता एकच मार्ग उरला होता. चाकू मोडायला हवा होता, तोही प्रामाणिकपणे आणि अर्ध्या तासाच्या आत. अंगणात पाहुण्यांना गाडीत घालून देण्यासाठी शेतावरून आणलेली उसाची मोळी होती. ऊस सोलून त्याच्या कांड्या करणे हे चाकूचेच काम आहे, याबद्दल चंदनालाही शंका घेता आली नसती. बाळगोंडा मांडी ठोकून बसले. त्यांनी मुद्दाम जाड पेरे निवडली, पाते ऐन गाठीवर टेकवले आणि सारा भार टाकला. गाठ तुटली, चाकू तुटला नाही. दुसरी गाठ, तिसरी गाठ. बघता बघता त्यांच्याभोवती उसाच्या कांड्यांचा ढीग झाला, बनियन घामाने भिजले, आणि बाळगोंडा दात-ओठ खात “मोड की रं, मोड की” असे पुटपुटत असतानाच फाटकाशी मोटार थांबली.

वीरेंद्र उपाध्ये, त्यांची पत्नी आणि श्रेयांस फाटकातच उभे राहिले. समोर व्याही उघडा चाकू घेऊन बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांत अश्रू होते.

“या की, या,” बाळगोंडा चाकूसह उठले. “तुमचीच वाट बघालतो.”

“आमी... लवकर आलो काय?” वीरेंद्रअण्णांनी विचारले.

सदरा चढवून बाळगोंडा बैठकीत येऊन बसले, तेव्हा एक नवी अडचण लक्षात आली. उसाच्या रसाने आणि तुसाने चाकूची खाच भरली होती आणि पाते मिटेनासे झाले होते. उघडा चाकू खिशात घालता येईना, आणि नजरेआड ठेवून हरवला तर नियम मोडणार. म्हणून ते तो मांडीवर ठेवून बोलू लागले आणि बोलता बोलता मिटायचा प्रयत्न करू लागले.

“तर बाळगोंडाअण्णा,” वीरेंद्रअण्णांनी घसा साफ केला, “लग्नाचं म्हणाल तर, आमची सगळी माणसं बेळगावातच. तवा कार्य तिथंच व्हावं असं आमचं आपलं...”

बाळगोंडांनी त्याच क्षणी पात्यावर अंगठे रोवून सर्व शक्तीनिशी दाब दिला. त्यांचा चेहरा लाल झाला, जबडा आवळला गेला, मानेवरची शीर फुगली.

“...पण निपाणी पण चांगलंच हाय,” वीरेंद्रअण्णा म्हणाले. “मंजे उलट निपाणीच बरं. हायवेला हाय.”

“आणि जेवणावळीचा खर्च अर्धा—” ते पुढे सांगू लागले.

बाळगोंडांनी पुन्हा दाब दिला.

“—आमी सगळाच करतो की! आमचा एकुलता एक हाय.”

श्रेयांसने राजश्रीकडे पाहिले. राजश्रीने छताकडे पाहिले.

पाने वाढली गेली. बाळगोंडांनी रोजच्या सवयीने चाकू ताटाशेजारी ठेवला. मात्र आज तो उघडा होता, आणि त्याचे टोक नेमके समोर बसलेल्या वीरेंद्रअण्णांकडे होते. त्रिशलाबाईंनी आमटीची वाटी भरली आणि पदराचे टोक मुठीत धरून त्या उभ्या राहिल्या.

वीरेंद्रअण्णांनी पहिला भुरका मारला. त्यांच्या भुवया कपाळाच्या वर गेल्या, कान हलल्यासारखे झाले. त्यांनी आमटीकडे पाहिले, मग चाकूकडे.

“कशी झालीया आमटी?” त्रिशलाबाईंनी विचारले.

“उत्तम,” वीरेंद्रअण्णांचा आवाज बसला होता. “लई उत्तम. पाणी... पाणी जरा.”

“घ्या की आणखी थोडी!”

“घ्या म्हंत्यात तर घ्या,” पत्नी त्यांच्या कानात कुजबुजली. तिनेही डोळे मिटून एक घोट घेतला आणि आमटीचे तोंडभर कौतुक केले. श्रेयांसने प्रेमापोटी अख्खी वाटी संपवली आणि लगेच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. एक घागर संपली, दुसरी आली.

बाळगोंडा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. प्रत्येक जण घास तोंडाशी नेण्याआधी त्यांच्याकडे चोरून पाहत होता आणि मग घाईघाईने हसत होता. हा चेहरा कुठे तरी पाहिला आहे असे त्यांना वाटत राहिले. मग आठवले. त्यांनी पहिला घास उचलला की इतकी वर्षे चुलीपाशी उभी असलेली त्रिशला नेमकी अशीच बघत असे. त्यांनी हातातला पुरणाचा घास पुन्हा ताटात ठेवला.

वीरेंद्रअण्णा लेथवाले, बिघडलेली वस्तू समोर असताना त्यांना स्वस्थ बसवत नसे. शिवाय ती वस्तू यजमानांच्या हातापासून लांब जावी, असेही त्यांना मनापासून वाटत होते. “अण्णा, ह्यो चाकू बसंना झालाय वाटतं. बघू जरा?” त्यांनी तो घेतला, अंगठ्याने खाच चाचपली, फुंकर मारली आणि दाबला.

‘कट्.’

एका हातात पाते आणि दुसऱ्या हातात पिवळी मूठ घेऊन वीरेंद्रअण्णा पांढरे पडले. “आगाई! तुटला की वं! मी भरून देतो, अण्णा. चांगला स्टीलचा देतो!”

चंदनाने हात जोडले. “अण्णा,” ती गंभीरपणे म्हणाली, “तुझा नियम पुरा झाला.”

चार वर्षांचे शब्द बाळगोंडांच्या छातीतून वर सरकू लागले. कच्च्या भाकरी, गोळा झालेले भात, पाण्यासारखे सार, सगळ्यांची आपापली वाक्ये तयार होती. त्यांनी तोंड उघडले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून राजश्री सहज, रोजच्या सुरात म्हणाली, “आई, दुसरा आणू?”

बाळगोंडांचे तोंड उघडेच राहिले. त्रिशलाबाईंच्या हातातला डाव हवेत थांबला.

“दुसरा?” बाळगोंडांनी विचारले.

“पापड,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “दुसरा पापड म्हणाली ती.”

“पापड कुठं मोडलाय? चाकू मोडलाय.”

राजश्रीने जीभ चावली. पण आता उपयोग नव्हता. त्रिशलाबाईंनी डाव खाली ठेवला, पदर खांद्यावर घेतला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “शेवयाच्या डब्यात हैत. तीन शिल्लक हैत अजून. डझनानं घेतल्ते.”

“आणि पैला कवा मोडला?”

“आठव्या दिशी. वॉशिंग मशीनमदी.”

“मंजे चार वर्सं मी...”

“उगंच गप्प बसलासा,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “आदी एकच आणलेला. ते आठ दिस लई शांत गेल्ते बघा. जेवण कसं करायचं ते मला पैल्यांदा कळालं, न भिता. वाटलं, आणि आठ दिस मिळूंदेत. मग पुन्ना आठ दिस.”

चंदनाने जोडलेले हात सोडले. नियमाच्या शास्त्रात डझनाची तरतूद तिने कुठे वाचली नव्हती. मात्र वीरेंद्रअण्णांची पत्नी पुढे झुकून अगदी हळू आवाजात म्हणाली, “वैनी, हे चाकू मिळत्यात कुठं?”

वीरेंद्रअण्णांनी दचकून तिच्याकडे पाहिले.

“पण एक खरं सांगू?” त्रिशलाबाई नवऱ्याकडे वळल्या. “अलीकडं मलाच कायबी कळंना झालंय. किती घालू, किती न्हाय. इचारलं की तुमी झालंय म्हंतासा. झालंय तर दिसतंयच की मला! आता मोकळं हैसा. बोला काय ते.”

बाळगोंडांनी वाटीकडे पाहिले. जमवून ठेवलेली ती सगळी वाक्ये त्यांनी एकदा आठवून पाहिली. त्यातले एकही या वेळी बोलण्याजोगे वाटेना.

“आमटीत मीठ तीनदा पडलंय,” ते हळू म्हणाले. “एकदा तू घातलंस, एकदा चंदनानं, एकदा राजश्रीनं. मी बघिटलंय. बाकी आमटी चांगली हाय.”

“देवा रे!” वीरेंद्रअण्णांनी वाटी दूर सारली. “मला वाटलं, निपाणीकडं अशीच करत्यात! मी दोन वाट्या प्यालो की वं!”

“मग बोलायचं न्हाय व्हय?” बाळगोंडांनी विचारले.

“त्यो चाकू माझ्याकडं बघालता, मी काय बोलू!”

त्यावर जे हसणे सुरू झाले ते थांबायला बराच वेळ लागला. बायकांनी आमटीत गरम पाणी आणि गूळ घालून तिला माणसांत आणले. हसणे ओसरल्यावर बाळगोंडांनी बहिणीला विचारले, “मग आता मी जे म्हणालो, ते नाव ठेवणं झालं काय?”

“न्हाय. ते सांगणं झालं.”

“मग हे चार वर्सांमागं का न्हाय सांगितलंस?”

“तवा तू सांगत न्हवतास, अण्णा. वरडत हुतास.”

धीर आलेल्या वीरेंद्रअण्णांनी ताक पिता पिता सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. लग्न बेळगावातच व्हायला हवे आणि खर्च अर्धा-अर्धा, असे त्यांनी या खेपेला छाती काढून सांगितले. बाळगोंडांनी दोन्ही मान्य केले. आचारी तेवढा निपाणीचा असावा, एवढीच अट घातली. ते आचाऱ्याला काही बोलणार नाहीत, असे राजश्रीने श्रेयांसला आश्वासन दिले.

दिवस कलायच्या आत पाहुणे उसाच्या कांड्यांनी भरलेली पिशवी घेऊन निघाले. त्यांना फाटकापर्यंत पोचवून बायका तिथेच बोलत उभ्या राहिल्या. बाळगोंडा एकटे आत आले आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांनी फळीवरचा शेवयांचा डबा खाली घेतला आणि शेवया बाजूला सारल्या. तळाशी कागदात गुंडाळलेले तीन पिवळे चाकू होते.

त्यांनी एकेक उघडून पाहिला. पहिल्याचे पाते हलत होते. दुसऱ्याची स्प्रिंग ढिली होती. तिसऱ्याचे पाते त्यांनी चिमटीत धरून डावी-उजवीकडे जोर लावला; ते तसूभरही हलले नाही. खिडकीच्या उजेडात त्यांनी त्याच्या सांध्याची खीळ नीट तपासली. मग पहिले दोन पुन्हा कागदात गुंडाळून होते तसे शेवयांखाली ठेवले, ओट्यावरच्या तेलाच्या भांड्यात बोट बुडवून तिसऱ्याच्या सांध्यावर एक थेंब सोडला, पाते दोन-तीनदा उघडून मिटले, खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला पुसले आणि तो चाकू सदऱ्याच्या खिशात घातला.